पिशवीतली दोन वजने: रोजच्या लहानसहान अप्रामाणिकपणाबद्दल आपण ख्रिस्ती लोक इतके उदार का असतो?

कोरी पाटी

बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २५व्या अध्यायात एक आज्ञा आहे, जिच्यावर उपदेश क्वचितच होतो. आपल्या पिशवीत एक मोठे आणि एक लहान अशी दोन प्रकारची वजने ठेवू नयेत, असे ती सांगते. तिचा कडकपणा असा की ती मापात पाप होईपर्यंत थांबत नाही; दुसरे वजन नुसते जवळ बाळगणेही तिला मान्य नाही. ज्याच्या पिशवीत दोन वजने आहेत त्याचा हात कधी ना कधी सोयीच्या वजनाकडे जाणारच, हे तिने गृहीत धरलेले दिसते.

हा धागा व्यापाऱ्यांविषयी नाही. माणसांचा न्याय करताना आपण जी दोन वजने वापरतो, त्यांविषयी आहे. एखाद्या पुढाऱ्याने लाच घेतली किंवा एखाद्या बड्या उद्योगाने खोटे हिशेब दाखवले अशी बातमी आली की उपासनेनंतरच्या गप्पांत आपण तिचा खरपूस समाचार घेतो. त्याच गप्पांत, ठणठणीत असताना आजारपणाची रजा कशी टाकली, विम्याचा दावा करताना नुकसान कसे जरा वाढवून लिहिले, नोकरीच्या अर्जात न केलेल्या कामाचा अनुभव कसा खपून गेला, हेही सांगितले जाते आणि ऐकणारे हसतात. मला त्या कृत्यांपेक्षा ते हसणे अधिक विचार करण्याजोगे वाटते, कारण लाचेची बातमी ऐकून कोणीही हसलेले नसते.

माझे प्रश्न दोन आहेत. याला ढोंग म्हणावे की माणसाची साधी दुर्बलता? आणि ते ढोंग असेल, तर क्षमेवर विश्वास ठेवणाऱ्या समाजात त्याला अधिक पोषक जमीन मिळते का? सदस्यांनी मोकळेपणाने लिहावे.

फटकळ

पहिला प्रतिसाद माझा असावा म्हणून धागा न वाचताच ‘लेख पूर्ण वाचला, फार आवडला’ असे लिहिणार होतो. विषय पाहून हात आखडता घेतला आहे. आता खरोखर वाचावे लागेल.

मोहरीचा दाणा

धागाकर्त्यांशी सहमत आहे, आणि हे दुखणे आजचे नाही एवढेच जोडतो. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५२९ साली लिहिलेल्या मोठ्या धर्मशिक्षण प्रश्नोत्तरीत ‘चोरी करू नको’ या आज्ञेचे जे विवरण केले आहे, त्यात कुलपे फोडणाऱ्या चोरांना फार थोडी जागा आहे. त्याचा सगळा रोख कामचुकार नोकर, जास्त दाम लावणारे कारागीर, खोटी मापे वापरणारे विक्रेते आणि खुर्चीत बसून लुटणारे प्रतिष्ठित लोक यांच्यावर आहे. जे चोर आहेत पण स्वतःला चोर म्हणवून घेत नाहीत अशा सर्वांना फाशी द्यायचे ठरवले, तर जग ओस पडेल आणि जल्लाद व फाशीचे खांब दोन्ही अपुरे पडतील, अशा आशयाचे तो लिहितो. त्याच्या काळी हे भर उपासनेत ऐकवले जात असे. आज आपण त्या आज्ञेवर पोहोचलो की ‘आपल्यापैकी कोणी चोर नाही’ असे मनात म्हणून पुढच्या आज्ञेकडे वळतो.

जुने बाड

मोहरीचा दाणा यांनी ल्यूथरची एक बाजू दिली. दुसरीही नोंदवली पाहिजे, नाहीतर आपणच दोन वजने वापरल्यासारखे होईल. हेसेचा सरदार फिलिप याने पहिली पत्नी हयात असताना १५४० मध्ये दुसरा विवाह केला. त्याला ल्यूथर आणि त्याचा सहकारी मेलांख्तोन यांनी गुप्तपणे संमतिवजा सल्ला दिला होता. प्रकरण फुटले तेव्हा ते साफ नाकारावे असे ल्यूथरचे मत पडले, आणि चर्चच्या हितासाठी एक सणसणीत खोटे बोलण्यात काय बिघडते, असे उद्गार त्याच्या नावावर नोंदलेले आहेत. कारागिराच्या वाढीव दामाला चोरी म्हणणारा धर्मसुधारक राजकीय अडचणीत सापडल्यावर खोट्याची शिफारस करतो. ज्याची दृष्टी इतरांच्या बाबतीत इतकी तीक्ष्ण होती, त्याला स्वतःचे प्रकरण अपवादात्मक वाटले, हे मला या विषयातले सर्वांत बोलके उदाहरण वाटते.

तिऱ्हाईत

मी कोणताच धर्म मानत नाही, त्यामुळे बाहेरचा माणूस म्हणून विचारतो. खोटी रजा टाकणारे आणि बिले फुगवणारे लोक सर्व धर्मांत आणि धर्माबाहेरही आहेत. मग यात ख्रिस्ती दृष्टी म्हणून वेगळे काय आहे?

शिवाय एक जुना अभ्यास येथे आठवतो. ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे या संशोधकांनी १९२०च्या दशकात अमेरिकेतील हजारो शाळकरी मुलांना अशा प्रसंगांत ठेवले, जिथे फसवणे सहज शक्य होते आणि पकडले जाण्याची भीती वाटत नव्हती. १९२८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एका प्रसंगी फसवणारे मूल दुसऱ्या प्रसंगी फसवेलच असे दिसले नाही, आणि नैतिक नियम ठाऊक असणे व तसे वागणे यांचा संबंध क्षीणच आढळला. म्हणजे ‘प्रामाणिक माणूस’ आणि ‘अप्रामाणिक माणूस’ अशी सरळ विभागणी होत नाही. तसे असेल तर ढोंग हा शब्द जरा जास्तच जड होत नाही का? माणूस प्रसंगागणिक वेगळा वागतो, एवढेच त्यातून दिसते.

उंबरठा

तिऱ्हाईत यांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. कृत्ये सर्वत्र सारखीच आहेत, हे मान्य. पण शुभवर्तमानांत येशू ज्यांना ढोंगी म्हणतो, ती माणसे बहुतांशी धर्मनिष्ठ आहेत. जकातदारांना आणि वेश्यांना तो हा शब्द लावत नाही. मत्तयाच्या २३व्या अध्यायात पुदिना, शेप आणि जिरे यांचासुद्धा दशमांश मोजून देणाऱ्यांना तो सांगतो की न्याय, दया आणि विश्वास या नियमशास्त्रातल्या मोठ्या गोष्टी तुम्ही सोडल्या आहेत. तेव्हा धर्म पाळणाऱ्यालाच जडणारा असा हा विकार आहे, आणि ख्रिस्ती दृष्टीचे वेगळेपण असलेच तर ते या निदानात आहे.

मात्र धागाकर्त्यांच्या सुराशी मी पूर्ण सहमत नाही. दुर्बलता आणि ढोंग यांत फरक आहे. रोमकरांस पत्राच्या ७व्या अध्यायात प्रेषित पौल लिहितो की जे चांगले करावेसे वाटते ते मी करत नाही आणि जे नको तेच करतो. हे लिहिणारा माणूस ढोंगी नाही, कारण तो ते लपवत नाही आणि त्याचे समर्थनही करत नाही. चुकणाऱ्या प्रत्येकाला आपण ढोंगी म्हणू लागलो, तर मंडळीत कोणी तोंड उघडणार नाही आणि उरेल ती नुसती दिखाऊ शुद्धता.

कोरी पाटी

उंबरठा, तुमचा भेद मला मान्य आहे, म्हणूनच मी हसण्याचा उल्लेख केला होता. पौल विव्हळतो आहे. आपण हसतो आहोत. स्वतःच्या लबाडीचा किस्सा रंगवून सांगणाऱ्याला ‘मी दुर्बल आहे’ असे म्हणायचे नसते, ‘मी हुशार आहे’ असे म्हणायचे असते.

सांजदिवा

आमच्या कॅथलिक परंपरेबद्दल थोडे लिहिते. लहान पापे आणि मोठी पापे असा भेद आमच्याकडे स्पष्ट आहे आणि त्याचा गैरफायदाही भरपूर घेतला जातो. मध्ययुगातला धर्मपंडित थॉमस अक्वायनस याने खोट्याचे तीन प्रकार मानले आहेत: कोणाच्या तरी उपयोगासाठी बोललेले, गमतीखातर बोललेले आणि कोणाचा घात करण्यासाठी बोललेले. पहिल्या दोहोंना तो सहसा गंभीर पाप मानत नाही, पण तिन्ही पापेच आहेत असे बजावतो. सामान्य भाविकाने यातले पहिले अर्धे वाक्य लक्षात ठेवले आहे.

पुढच्या काळात काही नीतिशास्त्रज्ञांनी अशीही वाट काढली की तोंडाने एक वाक्य उच्चारावे आणि त्याचा उरलेला, अर्थ बदलणारा भाग मनातल्या मनात पुरा करावा, म्हणजे खोटे बोलल्याचा दोष लागत नाही. पोप इनोसंट अकरावे यांनी १६७९ मध्ये शिथिल नीतीची जी ६५ विधाने निषिद्ध ठरवली, त्यांत या युक्तीचे समर्थन करणारी विधानेही होती.

आणि यादीच हवी असेल तर १९९२ची धर्मशिक्षण प्रश्नोत्तरी पाहावी. तिच्या २४०९ क्रमांकाच्या परिच्छेदात उसनी घेतलेली किंवा सापडलेली वस्तू मुद्दाम ठेवून घेणे, करचुकवेगिरी, निकृष्ट काम, बनावट बिले आणि अवाजवी खर्च हे सारे चोरीच्या आज्ञेखाली नावानिशी दिले आहे. त्यामुळे ‘आम्हाला कोणी सांगितले नव्हते’ ही सबब कॅथलिकांना तरी उपलब्ध नाही.

फटकळ

मनातल्या मनात वाक्य पुरे करण्याची युक्ती पोपने बंद केली असेल, पण ‘पाचच मिनिटांत पोहोचतो’ हे वाक्य आजही जगभर तिच्याच आधारावर चालू आहे.

ओंजळ

आतापर्यंतची चर्चा कचेरी आणि बिले यांच्याभोवती फिरते आहे. मला देवळाच्या आतल्या अप्रामाणिकपणाबद्दल लिहायचे आहे, कारण तो धार्मिक भाषेत बोलतो आणि म्हणून त्याच्यावर बोट ठेवणे कठीण जाते.

मंडळीपुढे आपल्या विश्वासाची साक्ष देताना पूर्वायुष्यातले पाप आणि नंतरचा चमत्कार, दोन्ही दर वेळी थोडे थोडे वाढत जातात. ‘तुमच्यासाठी प्रार्थना करते’ हे वाक्य निरोप घेण्याची रीत होऊन बसते आणि प्रार्थना होतच नाही. दुसऱ्याचा उपदेश उचलून तो स्वतःच्या मननातून आला असे भासवले जाते. सेवाकार्याच्या अहवालात, ज्यांनी केवळ हात वर केला ते ‘प्रभूकडे आले’ असे मोजले जातात. ‘देवाने मला सांगितले’ असे म्हणून स्वतःचा निर्णय इतरांच्या गळी उतरवला जातो. हे सगळे करणारी माणसे वाईट नसतात. त्यातल्या काहींवर माझी माया आहे. पण यातली एकही गोष्ट देवाचे नाव न वापरता केली असती तर आपण तिला सरळ खोटे म्हटले असते.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय ५ मधला हनन्या आणि सप्पीरा यांचा प्रसंग मी नेहमी या प्रकाशात वाचते. त्यांनी जमीन विकून आलेल्या पैशांतला काही भाग मागे ठेवला, हा त्यांचा गुन्हा नव्हता. पेत्र स्पष्ट म्हणतो की जमीन तुमचीच होती आणि विकल्यावर पैसेही तुमच्याच हाती होते. काही भाग देऊन सगळेच दिल्याचा देखावा करणे, हा गुन्हा होता.

जुने बाड

ओंजळ यांच्या मुद्द्याला जुना आधार आहे. प्राचीन चर्चमधला धर्मपंडित ऑगस्टीन याने इसवी सन ३९५च्या सुमारास असत्यावर एक प्रबंध लिहिला आणि त्यात खोट्याचे आठ प्रकार मांडले. सर्वांत वर, म्हणजे सर्वांत त्याज्य म्हणून, त्याने ठेवले ते धर्मशिक्षणात बोललेले खोटे. जीव वाचवण्यासाठी बोललेले खोटे त्याच्या उतरंडीत बरेच खाली येते, जरी तेही तो क्षम्य ठरवून सोडत नाही. पुढे ४२०च्या सुमारास काही ख्रिस्ती मंडळींनी असा बेत मांडला की एका पाखंडी पंथाचे लोक स्वतःची मते लपवतात, तर आपणही त्यांच्यातलेच असल्याचा बहाणा करून त्यांना पकडावे. ऑगस्टीनने त्या बेताविरुद्ध दुसरा प्रबंध लिहिला. खोटे बोलणाऱ्यांना खोटे बोलून खऱ्याकडे आणता येत नाही, हा त्याचा युक्तिवाद होता. आपल्या मंडळ्यांत मात्र त्याची उतरंड नेमकी उलटी झाली आहे. धर्मकार्यासाठी मारलेली थाप आपल्याला सर्वांत निरुपद्रवी वाटते.

तिऱ्हाईत

पण मग राहाबचे काय? यहोशवाच्या पुस्तकात तिने इस्राएलच्या हेरांना लपवले आणि शोधायला आलेल्यांना खोटी दिशा दाखवली. निर्गमाच्या पहिल्या अध्यायातल्या शिप्रा आणि पुवा या सुइणी फारोशी खोटे बोलल्या आणि देवाने त्यांचे भले केले. तुमच्याच ग्रंथात खोट्याला बक्षीस आहे.

उंबरठा

हा प्रश्न प्रत्येक चर्चेत येतो आणि यायलाही हवा. ऑगस्टीनने त्या सुइणींच्या दयेची वाखाणणी केली, त्यांच्या खोट्याची नाही. जर्मन धर्मपंडित डीट्रिख बोनहॉफर याने नाझींच्या तुरुंगात असताना याहून वेगळा विचार मांडला. शिक्षक सर्व वर्गासमोर मुलाला विचारतो की तुझे वडील दारू पिऊन घरी येतात का, आणि ते खरे असूनही मूल नाही म्हणते. तेव्हा घराचे गुपित उघड करायला लावणारा शिक्षकच अधिक दोषी आहे, असे बोनहॉफरचे म्हणणे होते. मला ते पटते.

परंतु राहाब कोणत्या बाजूला होती ते पाहा. तिने आणि सुइणींनी दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी स्वतःचा धोक्यात घातला. ज्या खोट्याबद्दल हा धागा आहे ते नेमके उलट्या दिशेने चालते. तिथे स्वतःचा लाभ असतो आणि धोका किंवा तोटा दुसऱ्याला असतो. आपल्या दारात सैनिक उभे नसतात, आपल्यासमोर प्रवासखर्चाचा कागद असतो. तो कागद भरताना राहाबला साक्षीला बोलावणे हे त्या बाईवर अन्याय करणारे आहे.

फटकळ

शेवटचे वाक्य वाचून उभे राहून टाळ्या वाजवल्या. (खरे तर बसूनच वाजवल्या. धाग्याचा परिणाम.)

मोहरीचा दाणा

तिऱ्हाईत यांच्या त्या अभ्यासाकडे परत येतो, कारण तो मला आपल्या विरोधात जाणारा वाटत नाही. वागणे प्रसंगावर ठरत असेल, तर ‘प्रामाणिक राहा’ असा सर्वसाधारण उपदेश निष्फळ ठरणारच. लूकच्या ३ऱ्या अध्यायात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला लोक विचारतात की आम्ही काय करावे. तो जकातदारांना सांगतो, ठरवून दिले आहे त्याहून अधिक वसूल करू नका. शिपायांना सांगतो, दमदाटी करून पैसे उकळू नका, खोटे आरोप लावू नका, आपल्या पगारात समाधानी राहा. प्रत्येकाला त्याच्या धंद्यातली नेमकी लबाडी ठाऊक असल्यासारखे तो बोलतो. आमच्या व्यासपीठांवरून असे ऐकायला मिळत नाही, कारण उपदेशकाला त्या धंद्यांची माहिती नसते आणि माहिती असली तर वर्गणीदारांची नावेही माहीत असतात.

कोरी पाटी

चर्चा उत्तम चालली आहे. आता माझा दुसरा प्रश्न पुन्हा मांडतो. क्षमेच्या शिकवणीमुळे हे सोपे होते का? माझे मत असे आहे की होते, आणि त्याचे कारण क्षमा नसून परतफेडीचा विसर हे आहे.

लेवीय आणि गणना या पुस्तकांतला नियम सरळ आहे. फसवून घेतलेले मूळ परत द्यायचे, त्यात एक पंचमांश भर घालायची आणि मग अर्पण घेऊन यायचे. मेंढरू चोरून मारले किंवा विकले, तर निर्गमाच्या २२व्या अध्यायाप्रमाणे चौपट भरायचे. आता दोन माणसे शेजारी उभी करून पाहा. दुसऱ्याची बायको हिरावलेल्या दावीद राजाला नाथान संदेष्टा गरिबाची एकुलती एक मेंढी हिरावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगतो, तेव्हा संतापलेला दावीद तात्काळ निकाल देतो की त्याने चौपट भरावे. नियम त्याला तोंडपाठ होता, फक्त तो दुसऱ्यासाठी होता. लूकच्या शुभवर्तमानातला श्रीमंत जकातदार जक्कय मात्र कोणी मागितले नसताना म्हणतो की मी कोणाचे अन्यायाने घेतले असेल तर चौपट परत करतो. आपण होऊन कबुली देणाऱ्याला पंचमांशाची भर पुरली असती. त्याने चोराचा दर स्वतःला लावून घेतला. आणि ‘आज या घराला तारण प्राप्त झाले आहे’ हे येशूचे शब्द त्याच्या या बोलण्यानंतर येतात.

आपल्याकडे मात्र ‘प्रभूने मला क्षमा केली’ म्हणजे हिशेब मिटला असे धरले जाते, आणि ज्याचे नुकसान झाले त्याला कोणी विचारतही नाही.

सांजदिवा

पूर्ण सहमत. ऑगस्टीनने मॅसिडोनियस या अधिकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे की परत करणे शक्य असूनही जो घेतलेले परत करत नाही, तो पश्चात्ताप करत नसून पश्चात्तापाचे सोंग करतो आहे. आमच्या नीतिशास्त्रात हे वचन पुढे शतकानुशतके आधाराला घेतले गेले. पापनिवेदनानंतर धर्मगुरूंनी परतफेडीबद्दल विचारणे अपेक्षित असते. ते किती जण विचारतात, हा वेगळा विषय आहे.

उंबरठा

येथे मला थोडे घाबरायला होते. जक्कयाने परतफेड केली म्हणून तारण मिळाले, की येशू त्याच्या घरी आला म्हणून त्याला परतफेड सुचली? कथेत येशू आधी त्याला नावाने हाक मारतो. परतफेड ही क्षमेची किंमत झाली, तर जो कफल्लक आहे त्याने काय करावे? वधस्तंभावरच्या चोराकडे परत करायला काहीच उरले नव्हते.

कोरी पाटी

उंबरठा, आमंत्रण आधी आले हे मान्य. पण वधस्तंभावरच्या चोराने ‘आपण योग्य शिक्षा भोगत आहोत’ असे मोठ्याने म्हटले होते, हेही वाचावे. त्याच्यापाशी जे उरले होते ते, म्हणजे खरे बोलणे, त्याने दिले.

तिऱ्हाईत

मान्य करतो की चर्चा माझ्या अपेक्षेपेक्षा ठोस निघाली. एक व्यावहारिक शंका उरते. विम्याचे पैसे परत करता येतील, पण खोट्या रजेचे दिवस कसे परत करणार? आणि संस्था बंद पडली असेल, किंवा नेमके नुकसान कोणाचे झाले हे कळत नसेल तर?

सांजदिवा

अक्वायनसने यातल्या बऱ्याच शंका हाताळल्या आहेत. देणे कोणाचे ते कळत नसेल, तर कसून शोध घ्यावा आणि तरीही सापडले नाही तर ती रक्कम त्याच्या नावाने दानात द्यावी, असे तो सांगतो. सर्वांसमोर स्वतःची बदनामी करून घेण्याची सक्ती तो करत नाही. धर्मगुरूंच्या मार्फत गुपचूप परत केले तरी चालते. रजेबद्दल मी माझे मत देते: तितके काम मोबदला न मागता करून द्यावे आणि त्याचा गवगवा करू नये.

ओंजळ

गुपचूप परतफेडीला माझी हरकत एकाच ठिकाणी आहे. खोटी रजा घेणाऱ्याचे काम त्या दिवशी सहकाऱ्याच्या अंगावर पडलेले असते, आणि ते वेळेत झाले नाही तर बोलणीही त्या सहकाऱ्यालाच खावी लागतात. तिथे संस्थेला दिलेले जादा तास त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. ज्याच्यावर ठपका आला असेल, त्याच्याबद्दल वरिष्ठांकडे जाऊन तोंड उघडावेच लागेल.

उंबरठा

ओंजळ, हे मान्य. वरिष्ठांकडे जाण्याआधी त्या सहकाऱ्याकडे जावे, एवढीच दुरुस्ती सुचवतो. मत्तय ५ मध्ये अर्पण वेदीजवळ सोडून आधी ज्या भावाकडे जायला सांगितले आहे, तो हाच.